गाडी मागा, पण आधी पॉलिसी मागा

मोटार विम्याच्या क्लेम विभागात मी बावीस वर्षं काढली. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण नातेवाइकांच्या लेखी मी अजून त्याच खुर्चीत आहे. गेल्या महिन्यात धाकट्या दिरांचा फोन आला. "वहिनी, तुमचा भाचा आमची गाडी मागतोय, तीन दिवसांसाठी. द्यायला हरकत नाही हो, पण पॉलिसी माझ्या नावावर आहे. त्याच्या हातून काही झालं तर कंपनी पैसे देईल का?" पाठोपाठ भाच्याचा फोन. "आत्या, काकांना जरा सांग ना, इन्शुरन्स फुल आहे, घाबरायचं कारण नाही म्हणून."

काकांना वाटणारी भीती बरीचशी उगाच होती, आणि 'फुल' या शब्दावर भाच्याने टाकलेला भार त्याहून उगाच होता. खरा प्रश्न दोघांनीही विचारला नाही. भाच्यालाच काही झालं तर? तिथे या सगळ्या कागदांना मोठं भोक आहे. त्याच्याकडे येतेच, पण आधी गाडीचं बघू.

आपल्या देशात मोटार विमा गाडीला चिकटलेला असतो, माणसाला नाही. खासगी कारच्या पॉलिसीत 'ड्रायव्हर्स क्लॉज' नावाचा एक छोटा परिच्छेद असतो. त्याचा अर्थ असा: विमाधारकासह कोणीही व्यक्ती गाडी चालवू शकते, मात्र अपघाताच्या वेळी तिच्याकडे चालू असलेलं लायसन हवं आणि लायसन बाळगायला ती अपात्र ठरवलेली नको. त्यात नात्याची अट नाही, आडनावाची नाही, लेखी संमतीपत्राचीही नाही. लायेबिलिटीच्या, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या जबाबदारीच्या, कलमात तर कंपनीने स्पष्टच म्हटलेलं असतं की, मालकाच्या सांगण्यावरून किंवा परवानगीने जो गाडी चालवतो, त्याचीही जबाबदारी आम्ही घेऊ, फक्त त्याने स्वतः विमाधारक असल्यासारखं सगळ्या अटी पाळायच्या. म्हणजे दिरांची गाडी भाच्याने चालवली आणि समोरच्याच्या स्कूटरला धडक बसली, तर स्कूटरवाल्याची भरपाई दिरांच्या पॉलिसीतून होते. गाडीचा पत्रा चेपला तर तोही त्याच पॉलिसीतून, अर्थात पॉलिसीत तो भाग घेतलेला असेल तर.

या शेवटच्या 'असेल तर'साठीच किल्लीच्या आधी पॉलिसी मागायची. मागायला संकोच वाटतो, मान्य आहे. "आमच्यावर विश्वास नाही का?" असं ऐकून घ्यावं लागेल. तरीही व्हॉट्सॲपवर पीडीएफ मागवून घ्या आणि पुढच्या गोष्टी बघा.

पहिली गोष्ट तारखा. तारीख नव्हे, तारखा. सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याच्या केलेल्या नुकसानीचा, तीन वर्षांचा घ्यावा लागतो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा, ज्याला आम्ही ओडी म्हणतो, तो बहुतेकांचा एकेका वर्षाचा असतो. मालक छातीठोकपणे सांगतो, "विमा सत्तावीसपर्यंत आहे." तो थर्ड पार्टी सत्तावीसपर्यंत असतो. ओडी मागच्याच महिन्यात संपलेला असतो आणि नूतनीकरणाचे मेसेज त्याने जाहिरात समजून पुसलेले असतात. दोन्ही भाग दोन वेगळ्या कंपन्यांकडेही असू शकतात, तेव्हा दोन्ही कागद मागा. थर्ड पार्टीच संपलेला असेल तर गाडीला हात लावू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९६ खाली पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, पुन्हा सापडलात तर दंड ४,०००, आणि हे कलम चालवणाऱ्यालाही लागतं, फक्त मालकाला नाही. दंडाची मला फार चिंता नाही. विमा नसलेल्या गाडीने कुणाचा जीव गेला, तर भरपाईचा आकडा लाखांत जातो आणि तो चालक आणि मालक या दोघांच्या डोक्यावर बसतो.

दुसरी गोष्ट नाव. आरसीवरचं नाव आणि पॉलिसीवरचं नाव एकच आहे का? जुनी गाडी विकत घेऊन सहा-सहा महिने पॉलिसी नावावर करून न घेणारे लोक मी टेबलापलीकडून किती पाहिले असतील! कायद्याप्रमाणे गाडीबरोबर थर्ड पार्टी विमा नव्या मालकाकडे आपोआप जातो. ओडीचं तसं नाही. नव्या मालकाने चौदा दिवसांच्या आत कंपनीला कळवून पॉलिसी नावावर करून घ्यायची असते. ती केली नसेल, तर गाडी एकाची आणि पॉलिसी दुसऱ्याची. मग ठोकलेल्या गाडीचा क्लेम कुणालाच मिळत नाही. तुमची काहीच चूक नसताना बिल तुमच्या पुढ्यात येतं, कारण गाडी तुमच्या हातात होती.

तिसरी, पॉलिसीचा प्रकार. वरच्या ओळीत 'पॅकेज' किंवा 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' लिहिलेलं असेल तर गाडीचं स्वतःचं नुकसान त्यात येतं. 'लायेबिलिटी ओन्ली' असेल तर फक्त बाहेरच्यांचं. यातली एक बारीक मेख लोकांना माहीत नसते. निव्वळ थर्ड पार्टी पॉलिसीत गाडीतच बसलेले तुमचे मित्र, घरची माणसं यांना 'थर्ड पार्टी' धरलं जाईलच असं समजू नका. खासगी गाडीत फुकट बसलेल्या माणसांची जबाबदारी पॅकेज पॉलिसीत येते, नुसत्या कायद्यापुरत्या पॉलिसीत येत नाही, या मुद्द्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या आणि निकाल बहुधा त्याच दिशेने गेले. चार माणसं घालून लांबच्या रस्त्याला निघणार असाल तर थर्ड पार्टीवाली गाडी मागून नेऊ नका. एकट्याने औषधं आणायला जाणं वेगळं.

चौथी गोष्ट नवी आहे. २०२२ मध्ये विमा नियामकाने 'जेवढी चालवाल तेवढं भरा' अशा ॲड-ऑनना, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडून घ्यायच्या पर्यायांना, परवानगी दिली. त्यात वर्षाचे किलोमीटर ठरलेले असतात. मालक रोज बसने जातो म्हणून त्याने कमी किलोमीटरचा पर्याय घेतलेला असतो, आणि तुम्ही एका सुट्टीत त्याचे दीड हजार किलोमीटर उडवता. मर्यादा ओलांडल्यावर काय होतं हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. मालकाला सरळ विचारा, "किलोमीटरची अट आहे का?"

आणि पाचवी, गाडी कशासाठी नेताय. खासगी कारची पॉलिसी भाड्यासाठी वापर, नमुने आणि स्वतःचं सामान सोडून मालवाहतूक, शर्यत, वेगाच्या चाचण्या यांना चालत नाही. ओळखीच्याची पांढऱ्या पाटीची गाडी 'दिवसाला इतके' असं ठरवून नेली, तर कागदोपत्री ते भाडंच झालं. डिझेल मी भरतो, टाकी फुल करून देतो, हे वेगळं, त्याला कुणी भाडं म्हणत नाही. रीतसर सेल्फ-ड्राइव्ह गाडी हवी असेल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली घ्या. तिचा परवाना आणि विमा भाड्याने देण्यासाठीच काढलेला असतो.

लायसन

गाडीचे कागद कितीही चोख असले तरी सगळं बिजागर तुमच्या लायसनवर फिरतं. क्लेमच्या फायलीत आम्ही सगळ्यात आधी तेच उलटून बघायचो. तीन गोष्टी बघायच्या: मुदत, वाहनाचा वर्ग आणि लायसन खरं आहे का. मुदत संपल्यावर नूतनीकरण होतं, पण अपघाताच्या दिवशी ते चालू होतं का, हाच प्रश्न असतो. दुसऱ्या दिवशी धावत जाऊन केलेलं नूतनीकरण आदल्या रात्रीला लागू होत नाही. मोटारसायकलचं लायसन आहे आणि कार येते, हेही चालत नाही.

शिकाऊ लायसनवर मागून आणलेली गाडी चालवता येते, आणि पॉलिसी ते मान्यही करते. पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ३ च्या अटी पाळायला हव्यात: शेजारी पक्कं लायसन असलेला माणूस, तोही गाडी आवरता येईल अशा जागी बसलेला, आणि गाडीवर पुढे-मागे लाल 'एल'. मागच्या सीटवर झोपलेला मामा मोजत नाहीत.

पिवळ्या पाटीच्या हलक्या गाडीबद्दल लोक अजून विचारतात. साध्या एलएमव्ही, म्हणजे हलक्या मोटार वाहनाच्या, लायसनवर ७,५०० किलोपर्यंतचं हलकं व्यावसायिक वाहन चालवता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने ते कायम केलं. तेव्हा त्या एका कारणावरून क्लेम अडू नये.

अल्पवयीन मुलाच्या हातात गाडी देण्यावर मी दोनच वाक्यं खर्च करते. कलम १९९अ खाली पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन मिळत नाही. विम्याचं तर नावच काढू नका.

दारूचंही तसंच. रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की कायद्याच्या लेखी गुन्हा. मालकाच्या माहितीने आणि संमतीने गाडी नेलेला चालक प्यायलेला असेल, तर गाडीच्या नुकसानीचा क्लेम पॉलिसीच्या अटीतच अडकतो. थर्ड पार्टीच्या बाबतीतही, २०१९ च्या दुरुस्तीनंतर कंपनीला हा बचाव कायद्याने मिळाला आहे.

लायसन नसलेल्या माणसाला गाडी दिली तर काय होतं, हे मालकांसाठी सांगते. कलम १८० खाली दंड ५,००० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. जखमी झालेल्या तिऱ्हाइताला न्यायाधिकरण अनेकदा कंपनीकडून पैसे देववतं आणि मग कंपनीला सांगतं, हे आता मालकाकडून वसूल करा. 'पे अँड रिकव्हर'. २००४ मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार मालकाचा निष्काळजीपणा कंपनीला सिद्ध करावा लागतो. म्हणून गाडी देताना लायसनचा फोटो मागून ठेवणं हा मालकाचा सगळ्यात स्वस्त बचाव. दिरांनी भाच्याकडून तो घेतला. भाचा थोडा फुगला, मग पाठवला.

खोटं बोलू नका, गरजच नसते

आता ज्यासाठी हे लिहायला बसले, ती गोष्ट. बावीस वर्षांत मागून नेलेल्या गाड्यांचे जे क्लेम फेटाळले जाताना पाहिले, त्यातल्या कितीतरी फायली मुळात पास होणाऱ्या होत्या. लायसन चालू, पॉलिसी चालू, सगळं ठीक. पण घरात रात्री बैठक बसायची आणि कुणीतरी शहाणा सांगायचा, "मालक स्वतःच चालवत होता असं लिहा, नाहीतर कंपनी अडवेल."

एक फाईल अजून डोळ्यांपुढे आहे. मेहुण्याची गाडी, चालवणारा त्याच्या बहिणीचा नवरा, रात्री दुभाजकावर चढली. क्लेम फॉर्मवर 'चालक: स्वतः'. इकडे दवाखान्याच्या केस पेपरवर लिहिलेलं, 'कार चालवत असताना अपघात, स्टिअरिंग छातीला लागलं', आणि नाव जावयाचं. मालकाच्या अंगावर ओरखडा नाही. तपासनीसाने विचारल्यावर मालक म्हणाला, त्या रात्री मी गावालाच नव्हतो. झालं! जो क्लेम जावयाचं नाव लिहून दोन आठवड्यांत निघाला असता, तो चुकीची माहिती दिल्याबद्दल बंद झाला. जावयाचं लायसन मी स्वतः तपासलं होतं. चालू होतं, वर्ग बरोबर होता. चीड आली मला त्या दिवशी, आणि दोघांपैकी कुणावर काढावी हेही कळेना.

तेव्हा क्लेम फॉर्मवर, पोलिसांकडे आणि डॉक्टरांकडे चालकाचं एकच नाव जायला हवं, आणि ते जो चालवत होता त्याचंच.

चालवणाऱ्याचं काय?

आता ते भोक. भाच्याने काकांची गाडी ठोकली, चूक त्याचीच, आणि त्याचा पाय मोडला. समोरच्याला पैसे मिळतील, गाडी दुरुस्त होईल. भाच्याला या पॉलिसीतून काय मिळतं? बहुतेक वेळा काहीच नाही.

"पण त्यात पंधरा लाखांचं अपघात कव्हर आहे ना?" हा प्रश्न भाच्यानेही केला. आहे. त्याचं पूर्ण नाव 'ओनर-ड्रायव्हर'चं अनिवार्य वैयक्तिक अपघात कव्हर, २०१८ पासून १५ लाख. नावातच उत्तर आहे. ते मिळायला एकाच माणसात तीन अटी बसाव्या लागतात: गाडीची नोंदणी त्याच्या नावावर, पॉलिसी त्याच्या नावावर आणि त्याच्याकडे लायसन. मागून नेणारा यातल्या तिसऱ्या अटीत बसतो, पहिल्या दोन्हींत नाही. भाच्याची स्वतःची बाइक आहे आणि तिच्या पॉलिसीत हे कव्हर आहे, म्हणून काकांच्या गाडीत ते लागू होईल असंही नाही. ते त्याच्या स्वतःच्या वाहनापुरतं.

कोर्टात जाऊनही फारसं हाती लागत नाही. २००९ मध्ये मागून नेलेल्या मोटारसायकलवर मृत्यू झालेल्या माणसाच्या वारसांना सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, गाडी मागून नेणारा मालकाच्या जागी उभा राहतो, त्यामुळे मालकाच्या विम्याकडे तो तिऱ्हाईत म्हणून दावा करू शकत नाही. २०२० मध्ये पुन्हा असंच प्रकरण आलं, तीही मागून नेलेली मोटारसायकल. त्यात गुन्हा समोरच्या वाहनाच्या चालकावर नोंदलेला होता, पण वारसांनी दावा केला तो मागून नेलेल्या गाडीच्या मालकावर आणि त्याच्या कंपनीवर. न्यायालयाने तो मान्य केला नाही. दावा समोरच्या वाहनाविरुद्ध करायला हवा होता असं सांगितलं आणि त्या पॉलिसीतल्या मालक-चालक कव्हरचे तेवढे एक लाख दिले. यातून दोन गोष्टी उचलायच्या. चूक समोरच्याची असेल तर दावा समोरच्या गाडीवर करा, तिथे तुम्ही तिऱ्हाईतच आहात. आणि चूक तुमची असेल तर तुमची सोय तुम्हीच करून ठेवलेली हवी.

ती सोय म्हणजे स्वतःच्या नावाची साधी वैयक्तिक अपघात पॉलिसी. ती माणसाला चिकटते: काकांची गाडी, मित्राची गाडी, बस, पायी, कुठेही. १५ लाखांची अशी पॉलिसी आधीपासून असेल तर स्वतःच्या गाडीचं ते अनिवार्य कव्हर वेगळं घ्यावं लागत नाही, म्हणजे पैसे फार वाढतही नाहीत. दवाखान्याच्या खर्चाला स्वतःचा आरोग्य विमा. शिवाय मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमींसाठी केंद्राची कॅशलेस उपचार योजना आहे, ठरवून दिलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंत. पहिल्या तासांसाठी ती मोठी गोष्ट आहे, पण मोडलेल्या पायाच्या सहा महिन्यांना ती पुरणारी नाही.

भाच्याला मी गाडीच्या आधी ही पॉलिसी काढायला लावली. ऑनलाइन, अर्ध्या तासात झाली.

ठोकलीच तर

माणूस जखमी असेल तर आधी दवाखाना. कलम १३४ प्रमाणे ही चालकाची जबाबदारी आहे, मालकाची नाही. जमाव अंगावर येतोय अशी वेळ असेल तर तिथून निघून जवळचं पोलीस ठाणं गाठायला कायदा आडकाठी करत नाही, मात्र चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवायला हवं. पळून जाणं आणि जमावापासून वाचून ठाण्यात हजर होणं यातला फरक पुढे कागदावर दिसतो.

मग मालकाला फोन. लाजून दुसऱ्या दिवसापर्यंत थांबू नका. क्लेम मालकाचा असतो, कंपनीला तोच कळवतो, फॉर्मवर सही त्याची लागते आणि पैसेही त्याच्याच खात्यात जातात किंवा परस्पर गॅरेजला. तुम्ही चालक म्हणून लायसनची प्रत आणि काय घडलं याचा तपशील द्यायचा. म्हणूनच परदेशी गेलेल्या मित्राची गाडी 'पडूनच आहे, वापर' म्हणून मिळाली, तर आधी विचारून घ्या की गरज पडल्यास त्याच्या वतीने सही कोण करणार.

रस्त्यावर समोरच्याला "मी भरून देतो, माझीच चूक" असं लिहून देऊ नका. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय कबुली किंवा पैशाचं वचन द्यायचं नाही, अशी पॉलिसीची अट असते आणि ती तुम्हालाही लागू आहे. माणुसकीने वागा, दवाखान्यात न्या, पाणी द्या. फक्त कागदावर आकडा लिहू नका.

गाडी हलवण्याआधी चारही बाजूंनी फोटो घ्या, नंबर पाटी दिसेल असे. गॅरेजमध्ये सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासणारा माणूस, बघून जाईपर्यंत काही खोलू देऊ नका. आणि एक जे मागून नेणाऱ्यांच्या हातून हमखास होतं: पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करणं. गाडी आपली नसते, जीव कासावीस होतो, निदान घरापर्यंत तरी न्यावी म्हणून माणूस किल्ली फिरवतच राहतो. इंजिनात पाणी ओढलं जातं आणि खर्चाचा आकडा कुठल्या कुठे जातो. इंजिन प्रोटेक्टचं ॲड-ऑन नसेल तर हे नुकसान साध्या पॉलिसीत सहसा मिळत नाही, आणि बिघडलेली गाडी तशीच रेटून वाढवलेलं नुकसानही नाही. ढकला, टो करा, पण स्टार्ट करू नका.

क्लेम करावा की खिशातून भरावे?

हे गणित मागून नेणाऱ्याने स्वतःहून मांडावं, मालक संकोचाने बोलत नाही. क्लेम केला की मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल ओडीच्या हप्त्यात मिळणारी सूट, जातो. तो पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० असा चढतो आणि एका क्लेमने शून्यावर येतो, बोनस प्रोटेक्शनचं ॲड-ऑन नसेल तर.

समजा, ओडीचा मूळ हप्ता १२,००० आहे आणि मालक ५० टक्क्यांवर पोचलेला आहे, म्हणजे तो ६,००० भरतो. क्लेमनंतर पुढच्या वर्षी पूर्ण १२,०००, मग ९,६००, ९,०००, ७,८००, ६,६०० आणि मग कुठे पुन्हा ६,०००. हप्ता तेवढाच राहिला असं धरलं तरी पाच वर्षांत १५,००० रुपये जास्त गेले. त्यात प्रत्येक क्लेममध्ये अनिवार्य वजावट असते, म्हणजे कंपनी न देणारी ठरलेली रक्कम, १५०० सीसीपर्यंत १,००० आणि त्यावर २,०००. घसारा न कापणारं 'झिरो डेप' ॲड-ऑन नसेल तर प्लास्टिकच्या भागांचे निम्मेच पैसे मिळतात, आणि बंपर प्लास्टिकचाच असतो. म्हणजे बंपर आणि रंगाचं नऊ हजारांचं काम क्लेममध्ये घालणं हा मालकावर उलटा अन्याय. ते गपचूप स्वतः भरावं. मोठं काम असेल तर क्लेम करा, आणि वजावट, घसारा आणि बुडालेला बोनस यांतलं काही तुम्ही द्या. कायदा हे तुमच्याकडून मागत नाही. पुन्हा किल्ली मिळेल की नाही, ते मात्र यावर ठरतं.

मुलं परदेशात असलेल्यांसाठी थोडंसं. तिथे हे सगळं तसंच्या तसं लावू नका. ब्रिटनमध्ये पॉलिसीवर नावं घातलेले चालकच सहसा गाडी चालवू शकतात. काहींच्या स्वतःच्या पॉलिसीत दुसऱ्याची गाडी चालवण्याची सोय असते, पण ती बहुधा थर्ड पार्टीपुरतीच आणि पंचवीस वर्षांखालच्यांना बहुतेक मिळत नाही. अमेरिकेत साधारणपणे गाडीचा विमा परवानगीने चालवणाऱ्याला लागू होतो, पण पॉलिसीतून नाव घेऊन वगळलेला माणूस चालवत असेल तर नाही, आणि त्याच घरात राहणाऱ्यांची नावं आधी कळवायची असतात. सहा महिने मुलाकडे राहायला गेलेल्या आजोबांनी "मुलाचीच तर गाडी आहे" म्हणून दूध आणायला निघण्याआधी मुलाला विमा कंपनीशी बोलायला सांगावं.

गाडी परत देताना टाकी भरा, हे सांगायला मी नको. पण नेताना आणि देताना, दोन्ही वेळा, मीटरचा आणि गाडीच्या चारही बाजूंचा फोटो काढा, म्हणजे जुना ओरखडा कुणाचा यावर नात्यात तोंडं वाकडी होत नाहीत. फास्टॅगचे पैसे मालकाच्या खात्यातून जातात, ते मोजून द्या. ई-चलान मालकाच्या मोबाइलवर येतं, तेही कधी पंधरा दिवसांनी. भाच्याने तीन दिवसांनी गाडी धुऊन, टाकी भरून परत केली, दीर खूश. नंतरच्या आठवड्यात दोन चलानं आली, दोन्ही वेगाची, दोन्ही एकाच दिवशीची. त्या दोघांत ते मिटलंय, पण दिरांनी मला स्क्रीनशॉट पाठवून विचारलंच, "वहिनी, हे विम्यात बसतं का?"